जाड भिंत

घर दाखवायला निघण्याआधी एजंटने शेजारच्या घरी फोन करून टीव्ही आणि मिक्सर बंद ठेवायला सांगितलं. "मी गिऱ्हाईक घेऊन येतोय. तोवर कुणी शिंकायचंसुद्धा नाही," अशी तंबीही दिली.

घर बघायला आलेले गृहस्थ कायदा कोळून प्यायलेले होते. "घरातला दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे बरं का," त्यांनी आल्या आल्या बजावलं. "मला एकच सांगा, या भिंतीतून आवाज आरपार जातो का?"

"छे हो! इथे डोकं आपटलंत तरी पलीकडे कळायचं नाही," एजंटने भिंतीवर थाप मारली. "हवं तर लेखी देतो." आणि दिलंही.

गृहस्थांनी लगेच घराच्या करारावर सही ठोकली. "सुटलो बुवा! शेजाऱ्यांच्या कटकटीपायी आजवर चार घरं सोडली मी. पहाटेपासून ड्रमचे क्लास असतात ना माझे." एजंटने लिहून दिलेला कागद खिशात जपून ठेवत ते जिना उतरून गेले.

रिकाम्या खोलीत एजंट एकटाच उरला.



तेवढ्यात भिंतीपलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, ड्रम म्हणाले का ते?"