रेणूवरचा आरोप

शिरूरच्या संशोधन केंद्राचा अहवाल ठाम होता: म्हातारपणी स्नायू झडतात त्याला पेशीतला एक रेणू जबाबदार आहे, पोषणाने तो आवरत नाही, सबब मांडवगण फराट्याच्या वृद्ध स्त्रियांना मिळणारी दूधभुकटी बंद करावी.

हा रेणू स्नायूतल्या प्रथिनांवर खूण करतो आणि खूण झालेलं प्रथिन पेशी तोडून टाकते. धडधाकट शरीरात ही साफसफाई असते. आजारात आणि वार्धक्यात लूट. प्रयोगासाठी तिथल्या निम्म्या बायकांना भुकटी दिली होती, निम्म्यांना त्याच रंगाचं, त्याच वासाचं तांदळाचं पीठ. प्रत्येकीच्या डब्यावर तिचं नाव, बाकी डबे एकसारखे. वर्षअखेर दोन्ही गटांत रेणूचं प्रमाण सारखंच निघालं. फरक नाही, म्हणजे भुकटी व्यर्थ. तर्क इतका स्वच्छ होता, की त्याला कोणाचा हात लागला असेल अशी शंकाही येऊ नये.

केंद्राच्याच प्रयोगशाळेतल्या दीक्षाला ती आली. मांडीतल्या स्नायूंचे नमुने तिनेच तपासले होते. प्रमाण दोन्हीकडे सारखं होतं हे खरं. पण दोन्हीकडे ते सुरुवातीच्या निम्म्यावर उतरलं होतं, आणि एवढ्या गोष्टीला अहवालात जागा मिळाली नव्हती. अहवाल मानायचा तर तांदळाच्या पिठानेही म्हातारपण हटतं असं म्हणावं लागलं असतं. विज्ञानाच्या नावाखाली याहून मोठे विनोद झाले आहेत. पण त्यांच्यापायी कोणाच्या तोंडचं दूध काढून घेतलं गेलं नव्हतं.

ती मांडवगणला गेली. म्हाळसाबाई दारात शेळीला पाला टाकत होती. वर्षापूर्वी तिला उठायला चौकट धरावी लागे. आता ती जमिनीला हात न टेकता उठली. भुकटी थांबणार हे ऐकून ती एवढंच म्हणाली, की मग पुन्हा सुनेचा खांदा आला, आन् सुनेचं तोंडही आलं. डबे वापरले कसे, असं दीक्षाने विचारलं. यात लपवायचं काय, अशा चेहऱ्याने तिने सांगितलं. डबे आले की बिरोबाच्या देवळात न्यायचे, एका परातीत ओतायचे, कालवायचे, पुन्हा सारखे भरायचे. जत्रेच्या खिरीला साऱ्या वस्तीचं दूध एका कढईत पडतं, तसंच.

"एकीला दूध आन् एकीला पीठ, ही कुठली रीत गं बाई? समद्या म्हाताऱ्याच न्हवं?"

"पण मावशी, चव तर सारखीच होती. पीठ आहे हे कळलं कसं?"

म्हाळसाबाई गालात हसली. "आमाला कुठलं कळतंय? त्ये तुज्या सायबालाच इचार."

साहेब म्हणजे अहवालाखाली सही करणारे डॉ. पोपटराव. दुसऱ्या दिवशी दीक्षा त्यांच्यासमोर बसली आणि आवाज न चढवता बोलली. रेणू आवरत नाही हा आरोप खोटा आहे. भुकटी त्याला आवरते. डबे मिसळले गेले हे ठाऊक असून तुम्ही हा निकाल लिहिलात. तो मागे घ्या, नाहीतर समितीपुढे मी उभी राहते.

पोपटरावांनी अहवालाची प्रत पुढ्यात ओढली. कबूल केलं तर वर्षाचं काम केराच्या टोपलीत जाईल, पाठोपाठ आपणही जाऊ, असं ते म्हणाले. दीक्षा म्हणाली की जाल. पण निदान या अहवालावर भुकटी बंद होणार नाही. मग त्यांनी तिला लिहून घ्यायला सांगितलं. तिने एकही शब्द बदलला नाही.

"पहिल्याच महिन्यात मी एक डबा प्रयोगशाळेत तपासला. त्यात नुसतं पीठ होतं. डबे मिसळा, असं मीच बायकांना सांगितलं, आणि पुढे नोकरी जाईल म्हणून रेणूला दोषी ठरवलं. तो डबा माझ्या आईचा होता."