पळसाखाली

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्याच दिवशी मोहनरावांनी लेकीला मोटारसायकलवर बसवून थेट विद्यापीठाच्या आवारात आणलं. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत पळस नुसता पेटला होता. कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली होती आणि त्याच्या सावलीत पोरी पुस्तकं मांडीवर टाकून खिदळत होत्या. तेजश्रीला कुठं बघू अन् कुठं नको असं झालं.

"आण्णा, मी इथंच शिकणार," ती एकदाची बोलून गेली.

"बघून घे की पोटभर," म्हणत आण्णांनी तिच्या हातात एक जाडजूड पुस्तक दिलं आणि तिला विद्यापीठाच्या पाटीपाशी, पळसाखाली उभं केलं. समोर गावातला फोटोवाला कॅमेरा घेऊन तयारच होता. आठवण म्हणून काढत असतील, असं तिला वाटलं. तेवढ्यात एक फूल तिच्या खांद्यावर पडलं. ती वर बघून खळखळून हसली, तेवढ्यात कॅमेऱ्याचा खटका वाजला.

"मागची पाटी नीट येऊ दे," आण्णा फोटोवाल्याला म्हणाले. "पाव्हण्यांना पोरगी बी.ए.ला हाय म्हनून सांगितलंय. पंधराची हाय, हे फोटोत दिसाय नको."

तेजश्रीच्या हातातलं पुस्तक खाली आलं.

"ताई, जरा हसा," फोटोवाला म्हणाला. त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगितलं. ती हसेना.

आण्णांनी गाडीला किल्ली लावली.

"ऱ्हाऊ दे. मघाशी झाडाकडं बघून हसलती, तोच लाव बायोडाट्याला."