आहेस?

"हात खिशात ठेव," उस्ताद म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

भोपळ्यानं पट्टी बांधलेला उजवा हात निमूट खिशात घातला. मॅनेजरच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघं बसले होते. भिंतीपलीकडे वखारीची करवत चालू होती. ती थांबली की उस्ताद बाकावरून अर्धा उठे, चालू झाली की पुन्हा बसे.

आज फैसला होता. भोपळ्याला टेकडीवरच्या वेड्यांच्या दवाखान्यात पाठवणार, असं सकाळी दोघातिघांच्या कुजबुजीतून उस्तादनं ताडलं होतं. तिथं गेलेला माणूस परत आलेला वखारीत कुणी पाहिला नव्हता.

"आत तू तोंड उघडू नकोस. मी बोलेन."

"बरं," भोपळा म्हणाला.

हा भोपळा म्हणजे दाराएवढा देह आणि मुंगीएवढं बोलणं. लहानपणापासून उस्तादनं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. दोघांच्या खोलीची किल्ली भोपळ्याच्या गळ्यात अडकवलेली असे, तेवढीच बिचाऱ्याला जबाबदारी. रोज सकाळी तो उस्तादच्या बुटांच्या नाड्याही बांधून द्यायचा. हौस असते एकेकाला, करू द्यावं. उस्तादची आई गेली तेव्हा "सोडू नकोस रे" म्हणाली होती, पण म्हातारीनं शेवटच्या गोंधळात हात धरला तो भोपळ्याचा. उस्ताद त्या गोष्टीवर अजून हसायचा. निरोप कुणाला होता ते न कळायला तो काही खुळा नव्हता.

आणि कालचं तर त्याला स्वच्छ आठवत होतं. करवतीचा खटका उस्तादकडे, पलीकडून फळी ओढायला भोपळा. खटक्यावरच्यानं "आहेस?" विचारायचं, पलीकडून "आहे" आलं की मगच खटका दाबायचा. वखारीत याहून मोठा कायदा नव्हता. उस्तादनं विचारलं होतं. "आहे" ऐकूही आलं होतं. नक्की आलं होतं. मग भोपळ्याची दोन बोटं पात्याखाली गेलीच कशी? लक्ष नसणार, दुसरं काय!

"पेट्यांचं सांग ना," भोपळा हळूच म्हणाला.

"आत्ता?"

"सांग."

घाबरला की त्याला हेच लागायचं. उस्तादनं घसा साफ केला. "ओढ्याकाठी दोन खोल्या. मागं मधमाश्यांच्या बारा पेट्या. सहा तुझ्या, सहा माझ्या. वर साहेब नाही, भोंगा नाही. कुणी विचारलं, मालक कोण, तर..."

"तर आपण दोघं," भोपळा म्हणाला. त्यानं बाहीनं नाक पुसलं.

उस्तादनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोलता बोलता करवतीचा आवाज मात्र त्याला स्वतःलाच ऐकू येईनासा झाला होता.

दार उघडलं. आत मॅनेजर एका कागदावर तळवे ठेवून बसला होता.

"साहेब, चूक याची नाही," उस्तादनं सुरुवात केली. "याचं लक्ष नसतं. मी डोळ्यात तेल घालून बघेन. उद्यापासून दोनदा विचारेन, तीनदा विचारेन. पण याला पाठवू नका. माझ्याशिवाय हा जेवतसुद्धा नाही हो."

मॅनेजरनं समोरची खुर्ची दाखवली. "तुम्ही बसा," तो मऊपणे म्हणाला. मग भोपळ्याकडे वळला. "नक्की? अजून विचार कर."

"काल माझा हात होता, साहेब," भोपळा म्हणाला. "उद्या दुसऱ्या कुणाचा असला तर?"

उस्ताद थक्क झाला. इतकं लांब वाक्य त्यानं वर्षभरात ऐकलं नव्हतं.

"सही कर मग."

"अहो, त्याला वाचून तरी दाखवा!" उस्ताद उठून उभा राहिला. "त्याला काय कळतंय?"

मॅनेजरनं कागद भोपळ्यापुढं सरकवला. भोपळ्यानं डाव्या हातानं, फार हळू, सही केली. उस्ताद परत खुर्चीत बसला. त्याला आता रडून चालणार नव्हतं. रडायचं ते गाडी गेल्यावर.

"तिथं बाग आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे. मोठी आहे," मॅनेजर म्हणाला.

"ऐकलंस? बाग आहे. म्हणजे मधमाश्याही असणार."

भोपळ्यानं पेन मॅनेजरपुढं ठेवलं.

दवाखान्याची गाडी फाटकात उभी होती. वखारीतली माणसं काम टाकून बाहेर आली होती. भोपळ्यानं खोलीवरून बोचकं आणलं होतं. त्यात वरच उस्तादचा पट्ट्यांचा सदरा, इस्त्री केलेला, आणि उस्तादचीच फणी.

"अरे वेंधळ्या, स्वतःचे कपडे कुठायत? हे माझं भरलंयस!"

भोपळ्यानं बोचकं तसंच गाडीत ठेवलं. खाली बसून त्यानं उस्तादच्या बुटाची सुटलेली नाडी एका हातानं, दातांची मदत घेऊन बांधली. मग तो गाडीच्या पायरीजवळ खिळल्यासारखा उभा राहिला.

भ्यायलाय, उस्तादला वाटलं. "बघ, यात भ्यायचं काय? मी आधी चढतो. तिथपर्यंत सोडायला येतो तुला." तो वर चढून बाकावर बसला आणि शेजारची जागा थोपटली. "ये. ओढ्याकाठी दोन खोल्या. मागं बारा पेट्या..."

"पेशंट बसला का?" पुढून गाडीवाल्यानं विचारलं.

भोपळ्यानं गाडीची दोन्ही दारं लोटत आणली. फटीतून त्याचं ओलं तोंड तेवढं दिसत होतं.

"आहेस?" त्यानं विचारलं.

"आहे," उस्ताद सवयीनं म्हणाला, आणि बाहेरून कडी पडली.