ड्रममधला आंबा

ब्रह्मपुत्रेतल्या आमच्या वाळूच्या बेटांवर रोस्तम अलीच्या घराखालची जमीन नदीने सहा वेळा गिळली. दरवेळी तो पत्रे सोडवून नावेत घालायचा आणि दुसऱ्या बेटावर घर उभं करायचा. पण बायकोला, सोकिनाला, स्वतःच्या झाडाचा आंबा खायचा होता आणि झाड काही पत्र्यासारखं सोडवता येत नाही.

शेवटी त्याने आंब्याचं रोप तेलाच्या रिकाम्या ड्रममध्ये लावलं.

"मोनिराचे बाबा, डोकं फिरलंय का तुमचं?" सोकिना हसली.

"नदी थांबत नाही ना? मग झाडच नावेत बसेल!"

यंदा पहिला आंबा पिकला. रोस्तमने तो धुतला, नाव काढली आणि भर पाण्यात वल्हं थांबवलं.



"सोकिना, तुझी कबर इथेच कुठेतरी होती ना गं?"