फूल येईपर्यंत

दांडा पुन्हा एका बाजूला झुकला होता. खिडकीच्या बाजूला.

आईने चपलांच्या कपाटामागून कुंडी ओढली, गळ्यातला शिवणकामाचा टेप काढला आणि दांड्याला लावला. कालच्यापेक्षा बोटभर जास्तच. थंड फरशीवर, अंधारात ठेवलेलं झाड असं वाढत नाही, आणि वाढलं तरी इतकं हिरवंगार होत नाही. ती सकाळी फिरायला बाहेर पडली की कुणीतरी कुंडी उन्हात ठेवत होतं, आणि ती यायच्या आत गुपचूप जागेवर आणून ठेवत होतं. घरात माणसं तीन. एक ती स्वतः, एक पोटचा मुलगा. उरली कोण, यासाठी डोकं खाजवायची गरज नव्हती.

कंद मुलानेच आणून दिला होता, हिवाळ्यात घरबसल्या करमणूक म्हणून. दिसायला थेट कांदा. लोकांचे ब्लाउज शिवण्यात जन्म गेलेल्या आईने कुंडीत कधी साधी मिरचीही लावली नव्हती. तिने तो कंद नाकातोंडापर्यंत मातीत पुरला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. सुनेने तो उकरून वर घेतला. “आई, याची मान बाहेर ठेवायची असते. आणि पाणी बेतानं घाला.” तेव्हाच आईच्या मनात पाल चुकचुकली. हिला एवढा पुळका कशाचा?

त्याचं उत्तर तिला जेवणाच्या टेबलावर मिळालं. मुलाने विषय काढला. गावाबाहेर वृद्धांसाठी एक निवास आहे, स्वच्छ आहे, डॉक्टर रोज येतात, एक खोली रिकामी झाली आहे. आईचा घास तसाच राहिलेला पाहून तो घाईघाईने म्हणाला, “लगेच नाही गं. तुझं फूल येऊ दे. ते डोळे भरून बघ, मग जाऊ.” बोलताना त्याने तिच्या हातावर हात ठेवला होता. सून मात्र खाली मान घालून ताटात बघत होती. बोलवता धनी कोण, ते आईने तिथेच ओळखलं.

ती खोली ती बघूनही आली. लोखंडी पलंग, धुतलेल्या फरशीचा वास, आणि भिंतीवर एक खिळा. आधीच्या बाईचं घड्याळ त्यावर असायचं म्हणे. तिला जायचं नव्हतं. या दोघांच्या कुरबुरी ऐकत, यांच्या कपड्यांची बटणं लावत तिला याच घरात मरायचं होतं. पण हे तोंडाने कसं सांगायचं? ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून काय उपयोग?

मग तिने कंदाचं दुकान गाठलं. दुकानदाराला वाटलं, म्हातारीला फुलाची घाई आहे. “ऊब दिलीत की भराभर वर येतो. हीटरजवळ ठेवा, बघता बघता फुलेल. थंडीत, अंधारात ठेवलात तर रुसून बसेल.” आईने समजूतदारपणे मान डोलावली, घरी आली आणि कुंडी चपलांच्या कपाटामागे सरकवली. कुणी विचारलंच तर अंधारात मुळं चांगली धरतात म्हणे. रूस बाबा, हिवाळाभर रूस.

पण तो काही रुसेना. टोकाची कळी फुगत चालली आणि तिच्या फटीतून लाल रंग डोकावू लागला. काल जेवताना आईला राहवलं नाही. “काही जणांना फुलांची फार हौस असते,” ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली. “माणसांची नसते.” सुनेने पोळ्यांचा डबा तिच्याकडे सरकवला. मुलगा पाणी प्यायला.

आज ती नेहमीसारखी फिरायला निघाली. कोपऱ्यावर कानाला वारं झोंबलं तेव्हा कळलं, कानटोपी घरीच राहिली. ती उलट पावली फिरली. दार तिच्यासाठी नुसतं लोटलेलं होतं. आतून सुनेचा चढलेला आवाज येत होता.

“रोज तू उन्हात ठेवतोस आणि रोज मी उचलून परत ठेवते. पुरे झालं आता. राहू दे ना त्यांना इथे. मला जड नाही झाल्या त्या.”

“अगं, ते लोक खोली किती दिवस अडवून ठेवतील? एकदाचं ते फूल येऊ दे, म्हणजे सुटलो.”

आईने दार ढकललं. मुलगा खिडकीशी पाठमोरा उभा होता. लहानपणापासून धसमुसळा, रोज काहीतरी फोडल्याशिवाय चैन न पडणारा. आज मात्र त्याने कुंडी दोन्ही हातांनी अलगद धरली होती आणि कळी नेमकी उन्हात येईल अशी तो ती फिरवत होता.

सुनेशी भांडायची आईची केव्हापासून तयारी होती. ठेवणीतले टोमणेसुद्धा जमवून झाले होते. मुलाशी भांडायला मात्र ती कधी शिकलीच नव्हती.

सुनेने तिला आधी पाहिलं. “आई...” मुलगा दचकून वळला. “तू? म्हटलं... जरा ऊन दाखवावं याला.”

आईने गळ्यातला टेप काढला, नीट गुंडाळला आणि सुनेच्या हातात ठेवला. तिचा हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग ती मुलाकडे वळली.

“खिडकीत नको रे,” ती म्हणाली. “हीटरजवळ ठेव. लवकर फुलेल.”