पाड्याचा रस्ता

भागीबाईची सून बाळंतपणासाठी झोळीतून नेताना उतारावरच दगावली. ते ऐकून तृप्ती आपल्या सरांच्या मागे लागली आणि कॉलेजच्या सेवा योजनेचं शिबिर तिनं गेल्या वर्षी भागीबाईच्याच पाड्यावर आणलं. मुलामुलींनी हाताला फोड येईस्तोवर दगड फोडले, मुरूम पसरला, आणि पाड्यापर्यंत गाडीरस्ता झाला. निघताना भागीबाईनं एकेकाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

यंदा तृप्ती नव्या मुलांना तो रस्ता दाखवायला घेऊन आली. समोरून खडीनं भरलेले डंपर उतरत होते. पाड्यामागचा डोंगर निम्मा कापला गेला होता आणि त्याच्या पायथ्याचा झरा आटला होता.

"भागीमावशी, हे कधी झालं?"

"तुम्ही गेल्यावर लगेच. रस्ता नव्हता तोवर इकडं कोण येत नव्हतं, ताई."

"पण अ‍ॅम्ब्युलन्स तरी येते ना?"

"येते की. धुळीनं पोरांना दम लागला, की येते."

मागं मुलं टेम्पोतून कुदळी-घमेली उतरवू लागली. त्यांच्याकडे बघत भागीबाईनं दबकतच विचारलं, "यंदा काय बांधणार?"