पाचशेला अठरा कमी

दगडावर लिहिलं होतं, नांदेड अठरा मैल. आणि लॉरीच्या पुढं बावीस बैलगाड्या होत्या.

गाड्यांतलं एकूण एक माणूस झोपलेलं. माळेगावच्या जत्रेत तीन रात्री जागून परत निघालेली मंडळी, कपाळं भंडाऱ्यानं पिवळी, तोंडं उघडी. कासरे सुटून खाली लोंबत होते. पहिल्या गाडीचे बैल आपल्या मनानं चालले होते आणि बाकीच्या जोड्या पुढच्या गाडीला नाक लावून मागोमाग. घाई कुणालाच नव्हती. घाई एकट्या पिराजीला होती.

आज गुरुवार. उद्या जुम्म्याची सुट्टी, म्हणून आठवड्याचे मैल आजच, दिवस मावळायच्या आत, नांदेडच्या पेढीवर लिहून व्हायचे. पाचशे भरले तर लॉरी पिराजीकडं कायमची. नाही भरले तर किल्ली दुसऱ्याकडं आणि पिराजी पुन्हा बैलगाडीवर. मालक अनंतरावांनी हे पान चघळत, हसत हसत सांगितलं होतं. चारशे ब्याऐंशी झाले होते. दिवस अजून दोन कासरे वर होता.

"बस आता पूजा करत," शेजारून माणिकप्पा म्हणाला.

माणिकप्पाची पंधरा वर्षं मोटारीवर गेलेली. पिराजीसाठी मालकाकडं शब्द त्यानंच टाकला होता आणि आठवडाभर तो स्वतःला शिव्या घालत होता. मोटार पळवून मैल होत नाहीत, न थांबून होतात, हे त्यानं शनिवारपासून पन्नासदा सांगितलं. पण गाडीवानाची खोड जाते कुठं! प्रत्येक चढ चढला की पिराजी लॉरीला दम खाऊ द्यायचा. बोनेटवर थोपटायचा. ओळखीचा माणूस दिसला की थांबून घरच्यांची खुशाली विचारायचा. त्यात मंगळवारी पोलिसातल्या अमीनसाहेबांच्या बदलीचं सामान हलवण्यात अर्धा दिवस फुकट गेला, त्याचे मैल कोण धरतो?

माणिकप्पानं भोंग्याकडं हात नेला. पिराजीनं तो धरला.

"बैल बुजतेत. गाड्या खड्ड्यात जातेल. लेकरं झोपलेत."

"मग काय करून राहिला तू? आरती?" माणिकप्पा ओरडला. मग मान बाहेर काढून त्यानं पुढं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ. पुढं फाटा हाय. डावीकडं नांदेड, उजवीकडं कंधार. पळत जा, पहिल्या बैलाची वेसण धर अन् उजवीकडं वळव. बाकीच्या आपोआप जातेल. रस्ता मोकळा."

"अन् हे लोक?"

"उठतेल कंधारात! एक दिवस उशिरा गेले घरला तर काय आभाळ कोसळतंय?"

उठवून बाजूला घ्या म्हणावं, तर जागा कुठं होती! दोन्ही रस्ते भरावावरचे, एका गाडीपुरते. कंधारचा तर असा, की एकदा गाडी चढली की गावाशिवाय वळवायची सोय नाही. नांदेडकडं उघडा माळ लागायचा तो तीन मैलांवर. बैलांच्या चालीनं तीन मैल म्हणजे दिवस बुडालाच. पिराजीनं सूर्याकडं पाहिलं, एक शिवी हासडली आणि उतरून पळत सुटला.

फाट्यावर त्यानं पहिल्या गाडीच्या बैलाची वेसण धरली आणि उजवीकडं ओढली. बैल वळेना. त्याला घरचा रस्ता पाठ होता. पिराजीनं दात-ओठ खाऊन जोर लावला, तसा बैल नाइलाजानं वळू लागला. गाडी करकरली. आत झोपलेल्या म्हातारीनं डोळे किलकिले केले.

"सोनखेड आलं का रं?"

पिराजीची वेसणीवरची मूठ सैल झाली.

"बैल चुकला व्हय आमचा? मेला, जत्रेत खाऊन सुस्तावलाय." म्हातारीनं कुशीतल्या नातवावर पदर ओढला. "देवानंच धाडलं बघ तुला. लाव बाबा वाटंला." आणि तिनं पुन्हा डोळे मिटले. लगेच घोरायलाही लागली.

पिराजीला तिचा असा राग आला! जागी राहिली असती, भांडली असती, चोर म्हणाली असती, तरी चाललं असतं. त्यानं वेसण डावीकडं घेतली. बैल खुशीनं वळला.

पुढचे तीन मैल तो बैलाच्या पुढं पायी चालला. चाल वाढावी म्हणून चुचकारत, हात जोडत, शिव्या देत. बैल आपल्याच चालीनं आले. सगळ्यात मागं लॉरी गुरगुरत येत होती आणि ती चालवत खिडकीतून माणिकप्पा पिराजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

माळावर गाड्या बाजूला लागल्या तेव्हा दिवस बुडाला होता. लॉरी पुढं येऊन थांबली. पिराजी तिच्या चाकाला टेकून खालीच बसला. त्याला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून तो टायर तपासत होता.

म्हातारी गाडीतून उतरली. तिनं कनवटीची पुडी सोडून पिराजीच्या कपाळाला भंडारा फासला. मग लॉरीपुढं उभी राहिली.

"लई पळू दे रं देवा हिला. लावते हिलाबी. कुणाची हाय ही मोटार?"

पिराजी टायरच चाचपत राहिला. त्यानं स्टेअरिंगवरच्या माणिकप्पाकडं पाहिलंही नाही.

माणिकप्पा कपाळावर हात मारून घेत होता. तो तसाच खिडकीतून ओरडला, "त्याचीच हाय म्हातारे, त्याचीच! लाव अन् सरक बाजूला, आधीच लई उशीर झालाय!"